उपदेशाला उभं कोणी राहायचं?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. माझ्या सासूबाई निवृत्त नर्स. त्यांचं माहेर वडोदऱ्याचं, मेथॉडिस्ट. त्यांचे वडील पाळक नव्हते, तरी रविवारी खेड्यांतून जाऊन उपदेश करायचे. सासूबाईसुद्धा घरगुती प्रार्थनासभांत बोलतात, आणि दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी तिसरा उद्गार ठरल्यासारखा त्यांच्याकडेच असतो. आता पाळकसाहेब भाचीच्या लग्नाला गावी जाणार म्हणून त्यांनी त्या रविवारचा उपदेश सासूबाईंना करायला सांगितला. कमिटीत दोन एल्डरांनी, म्हणजे मंडळीच्या वडिलांनी, हरकत घेतली. एक म्हणाले, पाळकपदाची दीक्षा झाली नसेल त्याने रविवारी उपदेश करू नये. दुसऱ्यांनी बायबलातलं तीमथ्याचं पत्र उघडलं, स्त्रीने शिकवू नये म्हणणारं. शेवटी तोड निघाली ती अशी : सासूबाईंनी पुलपिटवर न चढता खाली माइकपाशी उभं राहावं, आणि पत्रिकेत ‘उपदेश’ऐवजी ‘साक्ष’ छापावं. याच कमिटीने मागच्या महिन्यात बाहेरगावच्या एका तरुण प्रचारकाला गिटारसकट पुलपिटवर चढवलं, तेव्हा त्याची दीक्षा कोणी विचारली नव्हती. सासूबाई म्हणतात, ‘जाऊ दे गं, कुठूनही बोललं तरी देवाला ऐकू जातं.’ मला मात्र हे सहन होत नाही. अशा वेळी शेवटचा शब्द कोणाचा? पाळकांचा, कमिटीचा, बिशपांचा, की बायबलचा? मंडळीचं नाव छापू नये ही विनंती.
— एक सून, इंदूर

उत्तर : सलाम. आधी माझं मत सांगते, कारणं मागाहून. सासूबाईंनी ही तोड मान्य करू नये.

उपदेश करायला मिळत असेल तर खाली उभं राहायला काय हरकत आहे, असं कोणी म्हणेल. उभं राहण्याच्या जागेसाठी मीही भांडले नसते. पण त्या दिवसाच्या वाचनावर बसून, अभ्यास करून तयार केलेलं बोलणं पत्रिकेत ‘साक्ष’ म्हणून छापायचं, म्हणजे मंडळीने स्वतःशीच खोटं बोलायचं. तुमच्या सासूबाईंच्या माहेरच्या पंथात हा प्रकार पूर्वी होऊन गेला आहे. १७६१ साली इंग्लंडमध्ये डर्बी गावात सारा क्रॉस्बी नावाची बाई एका लहान गटाची सभा घ्यायला गेली आणि समोर सुमारे दोनशे माणसं येऊन बसली. एकेकाशी बोलणं शक्य नव्हतं, म्हणून ती सगळ्यांसमोर उभी राहून बोलली आणि मग घाबरून मेथॉडिस्ट पंथाच्या संस्थापकाला, जॉन वेस्लीला, पत्र लिहिलं. वेस्लीने कळवलं की तू वावगं काही केलं नाहीस. पुढच्या वेळी लोकांना एवढंच सांग, की मेथॉडिस्टांत स्त्रियांना उपदेशक म्हणून मान्यता नाही, मीही स्वतःला तसं म्हणवत नाही, पण माझ्या मनात आहे ते तुमच्यापुढे ठेवते. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मेरी बोझांक्वेटला लिहिताना त्याने मान्य केलं की तुला असाधारण पाचारण आहे. पण सर्व स्त्रियांसाठी म्हणून नियम बदलला नाही. वेस्ली १७९१ मध्ये वारला आणि १८०३ च्या कॉन्फरन्सने स्त्रियांच्या उपदेशाला जवळजवळ बांधच घातला : बोलायचंच असेल तर फक्त बायकांपुढे, तेही परवानगी घेऊन. इतकी वर्षं बायका बोलत होत्या, पण नियमात त्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांना खाली बसवताना कोणाला जड गेलं नाही. सासूबाईंच्या बाबतीत मला हीच भीती वाटते.

आता दीक्षेचा मुद्दा. बाप्तिस्मा देणं आणि प्रभुभोजन चालवणं हे आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्या दीक्षित पाळकांकडेच ठेवतात, आणि ते मला पटतं. उपदेशाचं तसं कधीच नव्हतं. थॉमस मॅक्सफिल्ड हा दीक्षा नसलेला माणूस. वेस्ली बाहेरगावी असताना १७४० च्या सुमारास तो लंडनमध्ये उपदेश करू लागला, तेव्हा वेस्ली संतापून परत आला. त्याच्या आईने, सुझानाने, त्याला थांबवलं. जसं तुला देवाने बोलावलं तसं या मुलालाही बोलावलं आहे, आधी त्याचं ऐक, मग काय ते ठरव, असं ती म्हणाल्याचं सांगतात. वेस्लीने ऐकलं आणि परवानगी दिली. सासूबाईंचे वडील उपदेशाला खेड्यांत जाऊ शकले ते या परंपरेमुळेच.

पण त्या हरकत घेणाऱ्या एल्डरांचीही बाजू समजून घ्या. आपल्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडून आले. हे मिशन १८७७ मध्ये इंदूरला आलं. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळी एल्डर चालवतात, आणि उपदेश करायचा तर शिकलेल्या तरुणालाही प्रेस्बिटरीपुढे, म्हणजे पाळक-एल्डरांच्या वरच्या सभेपुढे, परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागे. इकडे हरदा भागात काम करणाऱ्या डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट मंडळीत साधे एल्डर प्रभुभोजनाच्या मेजाशी उभे राहून प्रार्थना करत. अँग्लिकन घरांत सगळं बिशपांच्या सहीने. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अशा सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. कागदावर एक झालं, पण आजोबांच्या सवयी घराघरांत राहिल्या. एका बाकावर बसलेल्या तिघांच्या मनात ‘अधिकार’ म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि आपलीच पद्धत बायबलातली असं तिघांनाही वाटतं. कमिटीतली निम्मी भांडणं इथूनच उठतात.

मी मूळची नगरची, म्हणजे आता अहिल्यानगरची. तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून, आणि तिथली पद्धत अशी की मंडळीने एकत्र बसून स्वतःचं स्वतः ठरवायचं. ख्रिस्ती कीर्तन आम्ही तिथेच ऐकलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं घेऊन कीर्तनकार उभा राहायचा, गळ्यात हार, हातात चिपळ्या. उत्तररंगात उधळ्या पुत्राची गोष्ट लावायचा आणि बायाबापड्या डोळे पुसायच्या. वचन सांगायचं काम तोच करत होता, आणि त्याच्याकडे दीक्षेचा कागद मागायचं कधी कोणाच्या मनात आलं नाही. माझी आजी बायबलबाई होती. नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लूकचं शुभवर्तमान आणि चित्रांची गुंडाळी. गावात पारावर ती चित्र उलगडायची तेव्हा पाटलापासून गुराख्यापर्यंत पुरुष समोर बसून ऐकत. महिनाअखेरीस मिशनच्या बंगल्यावर जाऊन किती गावं, किती घरं याचा हिशेब द्यायचा. आणि रविवारी शहरातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तीच आजी बायकांच्या बाजूला सतरंजीवर गप्प बसायची. गावात चालतं ते देवळात का चालत नाही, हे तिने कधी विचारलं नाही. मी विचारते.

तुमच्याकडचा उत्तम शुक्रवारही असाच. त्या दिवशी सातजण पुलपिटवर जातात : कोणी बँकेतले, कोणी शाळेतल्या बाई, कोणी कॉलेजातला मुलगा. वधस्तंभावरच्या शब्दांवर, वर्षातल्या सगळ्यांत पवित्र दिवशी, भरलेल्या चर्चपुढे सासूबाई बोलतात ते चालतं. मग ईस्टरनंतरच्या साध्या रविवारी नेमकं काय बदलतं, हे त्या दोघांना शांतपणे विचारा. आणि त्या गिटारवाल्या तरुणाचंही विचारा. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याला कोणी शिकवलं, कोणी पाठवलं, त्याने चुकीचं सांगितलं तर त्याला कोण जाब विचारणार, हे कोणालाच माहीत नाही. सासूबाईंना सगळी मंडळी ओळखते. त्या चुकल्या तर प्रार्थनासभेत कोणीही तोंडावर सांगू शकतं. त्या दोघांत कोणावर विश्वास टाकायचा हे मला अवघड वाटत नाही.

तीमथ्याच्या पहिल्या पत्राचं काय? दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की स्त्रीला शिकवू देत नाही, तिने शांत राहावं. वचन मोडू नये ही त्या एल्डरांची कळकळ मी खरी धरते. पण मग करिंथकरांस पहिलं पत्रही सगळं वाचावं. अकराव्या अध्यायात पौल सांगतो की स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक झाकावं, आणि चौदाव्यात म्हणतो की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. बोलायचंच नव्हतं तर डोकं झाकून बोलण्याचा नियम कोणासाठी सांगितला? करिंथात गोंधळ होता. एकाच वेळी सगळे बोलत, सभेत प्रश्न विचारत. त्या गोंधळाला पौल आवर घालतो आहे असं मी वाचते. तीमथ्याच्या त्याच अध्यायात, तीन ओळी वर, वेण्या, सोनं, मोती आणि मोलाची वस्त्रं नकोत असं म्हटलं आहे. सराफ्यातून घेतलेल्या पाटल्या घालून आलेल्या बाईला आपण चर्चच्या दारात अडवत नाही. तो सल्ला त्या काळच्या इफिसाला होता असं मानायचं आणि पुढचा मात्र सर्वकाळासाठी, हे मला प्रामाणिक वाटत नाही. कैसरियात फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत होत्या आणि पौल त्याच घरी उतरला होता. पुनरुत्थानाची पहिली बातमी सांगायला प्रभूने मग्दालीया मरियेला पाठवलं. लूक तर लिहितो की त्या बायकांचं बोलणं प्रेषितांना खरं वाटलं नाही. खरं होतं ते बायकांचंच.

पंडिता रमाबाईंनाही हे भोगावं लागलं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नको म्हणून कळवलं. रमाबाईंना नवल वाटलं. त्यांची आई तरुण मुलांना शिकवत होती तेव्हा वडिलांनी अडवलं नव्हतं, स्वतः रमाबाईंना नवऱ्याने अडवलं नव्हतं, आणि आता अडवत होते ते इंग्रज धर्मगुरू. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी इंग्लंडातल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनना स्वच्छ लिहिलं. बायबल त्यांनी सोडलं नाही. उलट आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला त्याच्या मराठी भाषांतरात घालवली.

आता शेवटच्या शब्दाचं. बिशप असलेल्या मंडळीत उपासनेची जबाबदारी मुख्यतः नेमलेल्या पाळकांची असते, आणि पाळक बिशपांना जबाबदार. कमिटीने सल्ला द्यावा, पैसा-इमारत सांभाळावी. शिवाय चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा देतं; २०२४ मध्ये ओडिशातल्या फुलबनी धर्मप्रांतात व्हायोलेट नायक या त्या मंडळीच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. दक्षिणेकडच्या चर्च ऑफ साउथ इंडियात पुष्पललिता यांच्या रूपाने हे २०१३ मध्येच झालं होतं. जी मंडळी स्त्रीच्या हातात बिशपाची काठी देते, तिच्या पुलपिटवर बाईने चढू नये हे कोणत्या नियमात बसतं, ते त्या दोघांनी दाखवावं.

आणि लेखी दाखवावं. हे मी सुझाना वेस्लीकडून शिकले. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा लंडनला धर्मसभेला गेलेला असताना ती रविवारी संध्याकाळी घरात मुलांना आणि नोकरांना प्रवचनं वाचून दाखवायची. शेजारी येऊ लागले, वाढता वाढता दोनशेच्या वर गेले. सहायक पाळकाने तक्रार केली आणि नवऱ्याने लिहिलं की हे बरं दिसत नाही. तिने उत्तर दिलं : तुमची इच्छा आहे एवढं मला पुरणार नाही, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे न्यायाच्या दिवशी या लोकांबद्दल मला जाब द्यावा लागणार नाही. हुकूम आला नाही आणि सभा चालू राहिली.

तुम्ही पाळकसाहेबांना सांगा, हरकत, हरकतीचं कारण आणि तिला आधार असलेला नियम कमिटीच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या आणि त्याची प्रत बिशपांना पाठवा. भांडू नका, चिठ्ठ्या फिरवू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर हा विषय मुळीच काढू नका. बिशप हो म्हणाले तर सासूबाईंनी पुलपिटवर जावं आणि पत्रिकेत ‘उपदेश’च छापावं. नाही म्हणाले तर त्या रविवारी कमिटीने दुसरी सोय करावी, आणि सासूबाईंनी घरच्या सभेत तोच उपदेश पूर्ण करावा.

प्रश्न : मी हिंदू आहे, एका कॉन्व्हेंट शाळेत शिकवते. आमच्या सिस्टर पूर्ण शाळा चालवतात, धर्मशास्त्र शिकलेल्या आहेत, बोलतात तर ऐकत राहावं. पण त्यांच्या रविवारच्या मिस्सामध्ये प्रवचन फक्त फादरच करतात. असं का?
— शिक्षिका, मनोरमागंज, इंदूर

उत्तर : कॅथलिक मंडळीचा धर्मकायदा १९८३ चा आहे. त्याच्या ७६७ व्या कलमानुसार मिस्सामधलं प्रवचन पुरोहित किंवा डीकन (पुरोहिताच्या खालचं दीक्षित पद) यांच्यासाठीच राखलेलं आहे, आणि ही दोन्ही पदं पुरुषांची. ७६६ व्या कलमात सामान्य ख्रिस्ती माणसाला, म्हणजे सिस्टरांनाही, गरजेप्रमाणे चर्चमध्ये बोलायची परवानगी मिळू शकते, पण मिस्सातलं ते प्रवचन सोडून. स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा देण्याचा अधिकार मंडळीला नाहीच, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये जाहीर केलं. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदं स्त्रियांना खुली केली. एवढंच पुढे सरकलं आहे.

आपल्या इंदूरचं लाल चर्च असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचं आहे, आणि त्याची गोष्ट तुमच्या प्रश्नाला लागू पडते. त्याच्या आधी लिऑनचा वाल्डो नावाचा व्यापारी सगळी संपत्ती वाटून, शुभवर्तमान लोकभाषेत करवून घेऊन रस्त्यावर उपदेश करू लागला. ११७९ मध्ये रोमने त्याच्या गरिबीचं कौतुक केलं, पण स्थानिक पुरोहितांनी सांगितल्याशिवाय उपदेश करायचा नाही असं बजावलं. तो आणि त्याचे लोक थांबले नाहीत, आणि ११८४ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. पंचवीस वर्षांनी कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस तसाच फाटक्या वेशात रोमला गेला. पोप तिसरे इनोसंट यांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पश्चात्तापाचा उपदेश करायची तोंडी परवानगी दिली. फ्रान्सिस पुरोहित कधीच झाला नाही. रोमच्या मंडळीला दार उघडता येतं, हे तिने स्वतःच दाखवलं आहे. मी कॅथलिक नाही, त्यांच्या घरचे नियम मी ठरवणार नाही. पण तुमच्या सिस्टरांसारख्या बायकांचं रविवारी ऐकायला मिळत नाही हे त्या मंडळीचं नुकसान आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी महूला राहतो, तेवीस वर्षांचा आहे. मोबाइलवर वचनाचे छोटे व्हिडिओ करून टाकतो. पाळकसाहेब नाराज आहेत, म्हणतात आधी विचारायला हवं होतं. देवाने बोलावलं असेल तर माणसाची परवानगी कशाला?
— एक तरुण, महू

उत्तर : बाळा, बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात एलदाद आणि मेदाद हे दोघे मोशेच्या मंडपाकडे न येता छावणीतच संदेश देऊ लागले. यहोशवा म्हणाला, यांना थांबवा. मोशे म्हणाला, माझ्यासाठी तू हेवा करतोस काय? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं. तुझ्या पाळकांना हा अध्याय नक्की ठाऊक असेल, आणि मी त्यांच्या जागी असते तर तुझ्यावर रागावले नसते.

तुला मात्र मी प्रेषितांची कृत्ये अठरा वाचायला सांगते. अपुल्लोस तुझ्यासारखाच : वक्तृत्व चांगलं, शास्त्रात प्रवीण, आवेश भरपूर. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, पुढचं नव्हतं. इफिसच्या सभास्थानात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याचं ऐकलं. चारचौघांत त्याला तोडलं नाही, जवळ घेऊन सगळं नीट समजावून सांगितलं. समजावणाऱ्यांत बाईचं नाव आधी आलं आहे, हे पहिल्या प्रश्नातल्या एल्डरांनीही बघावं. अपुल्लोसने ऐकून घेतलं. मग त्याला अखयाला जायचं होतं, तेव्हा इफिसच्या बांधवांनी तिकडच्या शिष्यांना पत्र लिहिलं, की याला ठेवून घ्या.

व्हिडिओ बंद करू नकोस. पण पुढचा टाकायच्या आधी पाळकसाहेबांकडे जा, मोबाइल त्यांच्या हातात दे, आणि कुठे चुकलं ते विचार. त्यांनी दाखवलेली चूक खरी असेल तर तो भाग पुन्हा रेकॉर्ड कर. असं काही महिने चाललं की, तुला दुसऱ्या मंडळीत बोलायला जायचं असेल तेव्हा, त्यांच्याकडे पत्र माग. ते देतील.